पार्श्वभूमी : रिदम गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायरचा वाद

१९२० च्या दशकात अमेरिकी नृत्यवृंदांत लय धरायचं काम बँजोकडे होतं. ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या गदारोळातही त्याचा कडक आवाज ऐकू यायचा. १९२५ पासून ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोन आला, हळूहळू ट्यूबाऐवजी (खर्जातलं फुंकवाद्य) डबल बेस (खर्जातलं मोठं तारवाद्य) आला, चारही मात्रा सारख्या वाजू लागल्या आणि बँजो मागे पडून लय धरायचं काम गिटारकडे, म्हणजे रिदम गिटारकडे, आलं.

१९३६ मध्ये गिब्सनची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली. तीन वर्षांत ती सॅक्सोफोनच्या बरोबरीने एकल वाजू लागली. मग प्रश्न उभा राहिला, की साथीच्या गिटारनेही अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर) घ्यावा का?

कॅन्सस सिटीत घडलेल्या काउंट बेसीच्या बिग बँडमध्ये (मोठ्या जॅझ वाद्यवृंदात) १९३७ साली आलेल्या फ्रेडी ग्रीन या गिटारवादकाने तो प्रयोग केला होता. साथीदार गुपचूप त्याच्या अ‍ॅम्पचे भाग काढून ठेवायचे, असं सांगतात. शेवटी त्याने नाद सोडला. त्यामुळे त्याच्यातल्या एकल वादकाचा गळा दाबला गेला, असं काहीजण आजही म्हणतात. रेकॉर्ड्स ऐकल्यावर मला ते पटत नाही. अ‍ॅम्पमधून आलेली कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) रेंगाळते, बेस आणि पियानोच्या जागेत घुसते. हा वादक स्ट्रोक मारला की लगेच डाव्या हाताची पकड सैल करायचा, त्यामुळे आवाज ड्रमरच्या हाय-हॅटइतकाच (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीइतकाच) आखूड राहायचा. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर किंचित वजन. बारकाईने ऐकणाऱ्यांना तर असं आढळलं, की पुष्कळदा कॉर्डमधला एकच सूर नीट वाजतोय, बाकीच्या तारा दाबून मुक्या केलेल्या. सगळी फुंकवाद्यं त्या एका सुरावर विसंबून झोकात वाजायची. १९५० मध्ये बँड छोटा झाला तेव्हा गिटार वगळली गेली. हा वादक न बोलावता परतला, असं म्हणतात, आणि १९८७ पर्यंत तिथेच वाजवत राहिला.

रॉकमध्ये अ‍ॅम्प सगळ्यांनीच घेतला, तरी शिस्त तीच राहिली. १९६३ मध्ये लिव्हरपूलच्या चौकडीतल्या, म्हणजे बीटल्समधल्या जॉन लेननच्या रिदम गिटारने एका मात्रेत तीन-तीन स्ट्रोक भरले. १९६५ च्या सुमारास फंक या ठेकेदार नृत्यसंगीतात तारा अर्धवट दाबून केलेला खरखरीत ठेका आला. तिथे तर गिटार जवळजवळ ड्रमच झाली. १९७३ मध्ये सिडनीत दोन भावांनी काढलेल्या एसी/डीसी या बँडमधल्या थोरल्याने, माल्कम यंगने, पुढे आपल्या गिटारवर ब्रिजजवळचा (तारा जिथे टेकतात त्या पट्टीजवळचा) एकच पिकअप (तारांचा कंप टिपणारा भाग) ठेवला. जाड तारा लावल्या. डिस्टॉर्शनही (अ‍ॅम्पमधून येणारा खरखरीतपणा) बेताचं, त्यामुळे कॉर्डमधला प्रत्येक सूर वेगळा ऐकू येई. सोलो मात्र धाकट्या अँगसकडे राहिले.