‘घेऊ की!’ म्हणजे गिऱ्हाईक नव्हे

‘नवा धंदा सुरू करण्याआधी पन्नास जणांना विचारा, चाळीस जण “घेऊ” म्हणाले की माल काढा,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतोय. गोम एवढीच, की होकाराला पैसे पडत नाहीत आणि तोंडावर नाही म्हणणं आपल्याला जमत नाही.

समजा, सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं घरपोच पाकीट काढायचंय. ‘घ्याल का?’ऐवजी ‘मागच्या महिन्यात कुठून, कितीला आणली?’ विचारा. मग वीसच पाकिटं करा, पूर्ण किमतीला विका, पुढच्या खेपेचे पैसे आगाऊ मागा. नातेवाइकांची खरेदी मोजू नका. फुकट नमुना तर नकोच. त्यानं फार तर चव कळते. पंधरा दिवसांत किती जण आपणहून परत मागतात, ते वहीत लिहा. भाकरी वाटेत मोडते का, हेही त्या विसातच कळतं.