डीएनएचं एक अक्षर बदललं की प्रथिन बिघडतं?

खुलासा: नाही, बहुतेक वेळा नाही. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं उदाहरण शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं: एक अक्षर बदललं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आलं आणि हिमोग्लोबिन बिघडलं. ते खरंच आहे, पण तो नियम नव्हे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. डीएनएच्या चार अक्षरांतून तीन-तीन अक्षरांचे 64 शब्द होतात. त्यातले 3 साखळीला 'थांबा' सांगतात, उरलेले 61 फक्त 20 अमिनो आम्लांसाठी. एकट्या ल्युसिनचे 6 शब्द! त्यामुळे तिसरं अक्षर बदललं तरी अनेकदा अमिनो आम्ल तेच राहतं. मधलं अक्षर 'यू' (डीएनएची नक्कल असलेल्या आरएनएमध्ये 'टी'च्या जागी येणारं अक्षर) असेल, तर येणारं प्रत्येक अमिनो आम्ल पाण्यापासून दूर राहणारं असतं. म्हणजे चूक झालीच तरी बदली बहुधा जातभाईच येतो. फ्रीलँड आणि हर्स्ट या संशोधकांनी 1998 साली संगणकावर दहा लाख पर्यायी संकेत (कोणता शब्द कोणत्या अमिनो आम्लासाठी, याच्या याद्या) बनवून पाहिले. चुका सौम्य करण्यात खऱ्या संकेताला मागे टाकणारा जेमतेम एक निघाला.

प्रथिनंही काही काचेची भांडी नाहीत. पृष्ठभागावरचे बदल ती सहसा पचवतात, गाभ्यातले मात्र जड जातात. शिवाय घडी नीट बसवायला मदत करणारी चॅपरोन प्रथिनं असतातच.

(उलट टोकही गाठू नका: अमिनो आम्ल न बदलणारे काही बदलसुद्धा आरएनएच्या तुकड्यांची जोडणी बिघडवतात.)