आडनाव सुतार, धंदा सुतार

लग्नाच्या मांडवात कोणीतरी हसत समोर येतं. चेहरा ओळखीचा, नाव काही केल्या आठवत नाही. ‘काय, बऱ्याच दिवसांनी!’ म्हणून आपण वेळ मारून नेतो आणि घरी येऊन वयाला बोल लावतो. खरं तर चेहरा समोरच असतो, तो नुसता ओळखायचा. नाव मात्र आतून खणून काढायचं.

ओळखण्यात आपण भलतेच तरबेज. लायोनेल स्टँडिंग या मानसशास्त्रज्ञाने 1973 मध्ये लोकांना पाच दिवसांत 10,000 चित्रं दाखवली, प्रत्येक जेमतेम पाच सेकंद. मग जुनं आणि नवं चित्र जोडीने ठेवून ‘यातलं पाहिलेलं कोणतं?’ असं विचारलं. 83 टक्के उत्तरं बरोबर! अंदाजपंचे बरोबर आलेली वजा केली तरी साडेसहा हजारांवर चित्रं डोक्यात राहिली होती. शब्द इतके टिकले नाहीत. पण हुरळून जायला नको. 1979 मध्ये अमेरिकेत लोकांना रोजच्या वापरातलं एक सेंटचं नाणं आठवून कागदावर काढायला सांगितलं, तर आठपैकी साधारण तीनच खुणा जागच्या जागी आल्या. (आपलं दहाचं नाणं न बघता काढून पाहा.)

मग चित्र शब्दापेक्षा का टिकतं? कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ ॲलन पायविओ (हे गृहस्थ 1948 चे शरीरसौष्ठवातले ‘मिस्टर कॅनडा’ही होते!) म्हणाले, त्याची दोनदा नोंद होते. कमळ पाहिलं की रूप नोंदलं जातं, आणि ‘कमळ’ हा शब्दही मनात उमटतो. एक वाट बुजली तरी दुसरी उरते. ‘न्याय’ ऐकून डोळ्यांपुढे काय येतं? अंकलिपीत ‘क’शेजारी कमळ छापणाऱ्यांना हे सिद्धांताविनाच उमगलं होतं.

या नोंदींची ठिकाणंही बरीचशी वेगळी. मेंदूच्या अभ्यासक ब्रेंडा मिल्नर यांना अपस्माराच्या रुग्णांमध्ये आढळलं, की शस्त्रक्रियेत कानशिलाच्या आतला मेंदूचा डावा भाग काढला तर ऐकलेली गोष्ट लक्षात ठेवणं जड जातं. उजवा काढला तर चेहरे आणि आकृत्या.

तर, नाव. 1987 मधल्या एका ब्रिटिश प्रयोगात अनोळखी चेहऱ्यांबरोबर त्यांची आडनावं आणि धंदे शिकवले. ‘याचं आडनाव बेकर’ हे लोक विसरत. ‘हा धंद्याने बेकर’ हे बरंच जास्त लक्षात राही. शब्द तोच! सुतार म्हटलं की रंधा दिसतो, ढलप्या दिसतात, ओल्या लाकडाचा वास येतो. सुतार आडनावाचे गृहस्थ मात्र बँकेत कॅशियर असतात.