फुंकर आणि मेंदूतला धूर

लहान मुलाचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढताना मध्येच त्याच्या हातात कागदाची भिंगरी देतात. सारसबागेबाहेर घेतो ना आपण, तसलीच. तीन मिनिटं न थांबता तिच्यावर फुंकर मारायची. जोरजोरात श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि आलेखावरच्या लाटा मोठ्या, संथ होतात. फुंकणं थांबलं की थोड्याच वेळात सगळं पूर्ववत. बहुतेक मुलांच्या बाबतीत विषय तिथेच संपतो.

काही मुलांत मात्र शांत झालेल्या लाटा, फुंकणं केव्हाच थांबलेलं असताना, पुन्हा उसळतात. ही दुसरी उसळी दिसली की मेंदूविकारतज्ज्ञाला एक जपानी शब्द आठवतो: मोयामोया. धुराच्या लोटासारखं, धूसर असं काहीतरी. १९६९ साली सुझुकी आणि ताकाकू या जपानी डॉक्टरांनी या आजाराला हे नाव रूढ केलं, कारण अँजिओग्राफीत मेंदूच्या तळाशी खरोखरच धूर दाटल्यासारखा दिसतो.

गंमत अशी, की तो धूर म्हणजे आजार नव्हे. मानेतून वर जाणारी मोठी रोहिणी कवटीत शिरल्यावर जिथे फांद्या फुटतात, तिथे आतून हळूहळू अरुंद होत जाते, बहुधा दोन्ही बाजूंनी. पेठेतल्या जुन्या वाड्याची मुख्य पाइपलाइन बुजली की बिऱ्हाडकरू जमेल तिथून अर्धा इंची नळ्या ओढतात, तसं शरीर बारीक बारीक वाहिन्यांचं जाळं विणतं. धूर दिसतो तो या जाळ्याचा. पाणी येतं, पण दाब नसतो.

अशा मेंदूत अरुंद जागेच्या पुढच्या वाहिन्या आधीच जमेल तेवढ्या रुंदावलेल्या असतात, हाताशी शिल्लक काही नसते. त्यात मूल हमसून हमसून रडलं, फुगा फुगवला, बासरी वाजवली की कार्बन डायऑक्साइड घसरतो, आणि आधीच तोकडा असलेला पुरवठा आणखी आटतो. एक हात लुळा पडतो, पेला सुटतो, बोलणं अडखळतं, आणि थोड्या वेळात मूल पुन्हा खेळायला लागतं. जपानी डॉक्टर गरम नूडल्सवर फुंकर मारण्याचं उदाहरण देतात. आपल्याकडे वाफाळता वरणभात समजा.

हा आजार एकटाही येतो. २०११ साली जपानी संशोधकांनी त्याच्याशी आरएनएफ२१३ या जनुकाचा संबंध दाखवला. पण दुसऱ्या एखाद्या जनुकीय विकाराच्या जोडीनेही तो येतो, आणि मला तेच जास्त घातक वाटतं. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाचा हात ढिला पडला तर घरचे, कधी डॉक्टरसुद्धा, ‘याचे स्नायू मुळातच सैल आहेत’ म्हणून सोडून देतात. न्यूरोफायब्रोमॅटोसिसच्या पहिल्या प्रकारात अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग असतात; सगळ्यांचं लक्ष त्या डागांकडे आणि गाठींकडे. आधीचं निदान नव्या लक्षणाला गिळून टाकतं. रडल्यावर लुळा पडणारा हात हे नाटक नाही आणि हट्टही नाही. तो दहा मिनिटांत ठीक झाला तरी मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं, आणि शक्य झालं तर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवावा. तपासणीच्या वेळी मूल ठणठणीत असतं. डॉक्टरला दाखवायला दुसरं काही नसतं.

तिसरा सोबती सिकलसेल, तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. पुण्यात नंदुरबार, गडचिरोली, मेळघाटातून आलेली कुटुंबं आहेत, त्यामुळे हा ‘तिकडचा’ आजार म्हणून चालणार नाही. विळ्याच्या आकाराच्या कडक पेशी मेंदूच्या मोठ्या रोहिण्यांची भिंतही खराब करतात. इथे मात्र आधीच सावध होता येतं. कानशिलावर सोनोग्राफीसारखा प्रोब ठेवून रक्ताचा वेग मोजतात. अरुंद जागेतून रक्त जोरात धावतं. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर धोका मोठा. १९९८ साली अमेरिकेत अशा १३० मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले: नियमित रक्त दिलेल्या ६३ मुलांपैकी एकाला पक्षाघात झाला, न दिलेल्या ६७ पैकी अकरा जणांना. तपासणीत सुई नाही, भूल नाही. वयाच्या दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी ती करावी अशी शिफारस आहे, विशेषतः सिकलसेलच्या तीव्र प्रकारात.

मोयामोयाची अरुंद झालेली रोहिणी औषधाने रुंद होत नाही. ॲस्पिरिनमुळे गुठळ्या टळतात, एवढंच. म्हणून वळणरस्ता काढतात. कानासमोर बोट ठेवलं तर एक ठोका लागतो. टाळूच्या कातडीला रक्त पुरवणारी ती रोहिणी. तिला न तोडता, आजूबाजूच्या ऊतीसकट मोकळी करून, कवटीला खिडकी पाडून मेंदूच्या पृष्ठभागावर नेऊन ठेवतात. पुढच्या काही महिन्यांत उपाशी मेंदू तिच्यातून नव्या वाहिन्या स्वतःच ओढून घेतो. लहान मुलांत हे विशेष चांगलं जमतं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीच सलाईन सुरू करतात, कारण उपाशीपोटी शरीर कोरडं पडलेलं चालत नाही. सुई टोचताना मूल रडू नये म्हणून भूलतज्ज्ञ आधी औषध देतो, आईला शेजारी बसू देतो. आणि एकदा मोयामोयाचं निदान झालं, की पुढच्या ईईजीला भिंगरी खणातच राहते.