मेंदूच्या नकाशातले खोटे ठिपके

मेंदूच्या स्कॅनवर लाल-पिवळे ठिपके दिसले की वाटतं, मशीनने फोटोच काढला. ते ठिपके असतात हिशोबाचे. मेंदूचे सुमारे १,००,००० बारीक तुकडे पाडायचे (त्यांना व्हॉक्सेल म्हणतात) आणि प्रत्येकावर स्वतंत्र चाचणी घ्यायची. चुकीला नेहमीची ५ टक्के मुभा दिली, तर मेंदूत काहीही घडलेलं नसताना ५,००० तुकडे उजळतात.

२००९ मध्ये जाहीर झालेल्या एका प्रयोगात क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली आणि ‘या माणसाला काय वाटत असेल?’ असं रीतसर विचारलं. कच्च्या हिशोबात माशाचा मेंदू उजळला! २०१२ मध्ये या प्रयोगाला इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक) मिळालं.

यावरचा उपाय मात्र २००९ मध्येच १७ वर्षं जुना झाला होता. तो शोधणारे कीथ वर्स्ली मूळचे न्यूझीलंडचे, माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. तिथल्याच मेंदूविज्ञान संस्थेत ॲलन इव्हान्स यांचा गट पेट स्कॅन (शरीरात सोडलेल्या किरणोत्सारी द्रव्याचा माग घेणारे स्कॅन) करत होता. ५ टक्क्यांना लाखाने भागायचं, हा बॉनफेरोनीचा सरळ मार्ग. पण शेजारचे तुकडे एकमेकांसारखेच वागतात, त्यामुळे ही चाळणी फार बारीक पडते आणि खरे संकेतही अडकतात.

वर्स्लींनी तुकडे मोजणं सोडून दिलं. स्कॅन म्हणजे डोंगराळ मुलूख समजा, जिथे संकेत जोरदार तिथे उंची जास्त; त्यात पाणी चढवत न्या. वर उरलेल्या भागांची संख्या, वजा आरपार भोकं, अधिक आतल्या पोकळ्या, हा ऑयलरचा आकडा. पाणी पुरेसं चढलं की भोकं, पोकळ्या संपतात, फक्त शिखरं उरतात. मग निव्वळ योगायोगाने एखादं शिखर वर राहण्याची शक्यता या आकड्याच्या सरासरीवरून काढता येते. पायाभूत गणित रॉबर्ट ॲडलर यांचं. वर्स्लींनी १९९२ मध्ये ते मेंदूला लावलं, पुढे दीर्घिकांच्या मांडणीलाही. हिशोबाला मेंदू काय नि आकाश काय!

फेब्रुवारी २००९ मध्ये, सॅमनची गोष्ट गाजण्याआधीच, वर्स्ली गेले. २०१६ मध्ये आंदेर्स एक्लुंड, टॉम निकल्स आणि हान्स क्नुटसन यांनी दाखवलं की ठिपक्यांच्या पुंजक्यांवर बेतलेल्या चाचण्यांत चूक ५ ऐवजी ७० टक्क्यांपर्यंतही जाऊ शकते. पाणी फार खाली ठेवलं, तर गृहीतकं टिकत नाहीत. सुट्या तुकड्यांच्या चाचण्या मात्र बऱ्यापैकी तगल्या. त्यानंतर अनेकांनी विदेवरची लेबलं (कोणता स्कॅन कोणत्या गटातला) हजारो वेळा पिसून हिशोब करायला सुरुवात केली. १९९२ च्या संगणकांना ते फार जड गेलं असतं.