काकांचं कुलूप आणि तेरा सुपाऱ्या

खाऱ्या वाऱ्यात किल्लीची कुलपं गंजून आवळतात, म्हणून देवगडच्या आमच्या काकांनी आंब्याच्या शेडला चार आकड्यांचं कुलूप लावलं. आणि पावसाळा सरेपर्यंत आकडा विसरले.

"पयलो शून्य नाय, शेवटचो सम, नि चारय येगळे. येवढाच आठवता."

एरवी 0000 ते 9999 अशा 10,000 शक्यता. काकांच्या अटींत किती बसतात? आपण सवयीनं डावीकडून सुरू करतो: पहिल्या जागी 9 पर्याय, दुसऱ्या जागी 9, तिसऱ्या जागी 8... आणि शेवटी अडतो, कारण आधी किती सम आकडे वापरले गेले ते ठाऊक नसतं. जिथं अट कडक, ती जागा आधी भरायची. शेवटी 0 असेल तर उरलेल्या तीन जागा 9×8×7, म्हणजे 504 प्रकारे भरतात. शेवटी 2, 4, 6 किंवा 8 असेल, तर पहिल्या जागी तो आकडाही नको आणि शून्यही नको, म्हणून 4×8×8×7, म्हणजे 1792. एकूण 2296. एका प्रयत्नाला चार सेकंद धरले तरी अडीच तास!

चहा घेताना काकांना आठवलं, की आकडे जुन्या रिक्षाच्या नंबरातलेच होते, फक्त उलटसुलट केलेले: 0, 2, 5, 7. आता शेवटी 0 असेल तर 6 रचना, 2 असेल तर 4. दहाच! सातव्या प्रयत्नात 7052 ला कुलूप उघडलं.

हे गणित जुनंच. आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचं सांगणाऱ्या भास्कराचार्यांनी 1150 च्या 'लीलावती'त त्याला 'अंकपाश' म्हटलंय. त्यातलं मला सर्वांत आवडणारं कोडं असं: पाच अंकी संख्या, शून्य कुठंच नको, अंकांची बेरीज 13. अशा संख्या किती?

खळ्यात वाळत घातलेल्या सुपाऱ्यांतल्या तेरा उचलून मी काकांसमोर ओळीनं मांडल्या. मध्ये बारा फटी. त्यांतल्या कुठल्याही चार फटींत झाडूचा हीर (काडी) ठेवला, की पाच ढीग होतात. प्रत्येक ढीग म्हणजे एक अंक. बारातून चार फटी निवडायचे प्रकार 495, आणि तेच भास्कराचार्यांचं उत्तर. शून्य नको ही अट इथं कामच सोपं करते: एका फटीत दोन हीर ठेवायचे नाहीत, बस्स.

काकांनी आणखी एक सुपारी ओळीत सरकवली. "आता?"

तेरा फटींतून चार, म्हणजे 715. पण आता एका ढिगात दहा आणि बाकी चारांत एकेक सुपारीही येऊ शकते, आणि दहा हा काही अंक नव्हे. तेरापर्यंत ही भानगड नव्हती, आणि बेरजेची ही मर्यादा भास्कराचार्यांनी नियमातच घातली आहे. दहाचा ढीग पाचांपैकी कुठंही पडेल, म्हणून पाच रचना वजा: 710.