स्टेट असाइनमेंट (असिंक्रोनस सर्किट)

क्लॉक (सगळे बदल एका ठोक्यावर घडवणारा स्पंद) नसलेल्या क्रमवर्ती, म्हणजे आधीची स्थिती लक्षात ठेवणाऱ्या, सर्किटच्या प्रत्येक अवस्थेला शून्य-एकचा कोणता संकेत द्यायचा, हे ठरवणे म्हणजे स्टेट असाइनमेंट. क्लॉकवर चालणाऱ्या सर्किटमध्ये संकेत वाईट निवडला तर बहुधा थोडी गेट जास्त लागतात. इथे मात्र सर्किट भलत्याच अवस्थेत जाऊन बसू शकते.

नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत पॅनेलची कामे करणाऱ्या कोणालाही स्टार-डेल्टा स्टार्टर ठाऊक असतो: मोटर आधी स्टार जोडणीत हळू सुरू करून मग डेल्टा जोडणीत पूर्ण जोरावर नेणारा. त्याच्या बंद, स्टार आणि डेल्टा या अवस्थांना ००, ०१, ११ असे संकेत देऊ आणि एकेक बिट एकेका रिलेवर सोपवू. बंदवरून स्टार, स्टारवरून डेल्टा: दोन्ही वेळा एकच रिले बदलतो. पण डेल्टावरून बंद होताना दोन्ही सुटायला हवेत, आणि दोन रिले नेमके एकाच क्षणी कधीच सुटत नाहीत. यालाच रेस म्हणतात. सर्किट वाटेत ०१ किंवा १० ला जाते. बंदचे बटण दाबलेले असताना हे दोन्ही संकेत पुढे ०० लाच नेत असतील तर रेस निरुपद्रवी ठरते (०१ वर क्षणभर स्टारचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरची वीज जोडणारा स्विच, ओढला जाऊ नये म्हणून त्याला अडवणारा इंटरलॉक तरीही हवाच). पण १० ही जागा ‘रिकामी’ समजून गेट वाचवण्यासाठी कशीही भरली आणि ती स्थिर झाली, तर बटण दाबूनही सर्किट तिथेच अडकते. ही क्रिटिकल रेस.

बिट वाढवूनही बंद-स्टार-डेल्टा-बंद हा त्रिकोण सुटत नाही. एक बिट बदलला की संकेतातल्या एकांची संख्या समची विषम किंवा विषमची सम होते. तीन पावलांत मूळ जागी परतणे त्यामुळे अशक्यच. मधली अवस्था घालावी लागते, किंवा एका अवस्थेला दोन संकेत द्यावे लागतात. चार अवस्थांसाठी तीन बिटांची एक सुरेख मांडणी आहे: पहिलीला ००० व १११, दुसरीला ००१ व ११०, तिसरीला ०१० व १०१, चौथीला १०० व ०११. कुठूनही एकच बिट बदलून उरलेल्या तिन्ही अवस्था गाठता येतात.

या शास्त्राचा पाया डेव्हिड हफमन यांनी १९५४ मध्ये घातला. १९६६ मध्ये जेम्स ट्रेसी यांनी वेगळी वाट दाखवली: रेस होऊ द्या, पण ती निरुपद्रवी करा. फ्लो टेबलच्या (कोणत्या इनपुटला कोणत्या अवस्थेतून कुठे जायचे ते सांगणारा तक्ता; इनपुटच्या प्रत्येक स्थितीला एक स्तंभ) एकाच स्तंभात क वरून ख कडे आणि ग वरून घ कडे जायचे असेल, तर एक तरी बिट असा हवा की जो क-ख साठी एक मूल्य आणि ग-घ साठी त्याच्या उलट मूल्य धरून ठेवील. मग बाकीचे बिट कोणत्याही क्रमाने बदलोत, दोन्ही वाटा एकमेकींत मिसळत नाहीत. अशा सगळ्या विभागण्या कमीत कमी बिटांत बसवणे, हे इथले ऑप्टिमायझेशन. अवस्था वाढल्या की हे गणित झपाट्याने जड होते. शिवाय सर्वांत कमी बिट म्हणजे सर्वांत कमी गेट, असेही नसते.

नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत हा भाग सहसा फळ्यावरच उरकला जातो, याचे वाईट वाटते. ब्रेडबोर्डवर नॅन्ड गेट वापरून स्टार-डेल्टाचे हेच सर्किट जोडून एक आयसी बदलावी. गेटचा विलंब काही नॅनोसेकंदांचाच, पण तेवढ्या फरकाने कालपर्यंत नीट चालणारे सर्किट आज अडकू शकते. ते अडकले की दोन्ही बिटांच्या तारांवर मीटर लावून ते १० वर तर बसले नाही ना, हे आधी पाहावे.